वाहत्या पाण्यातील आमिष : कणकेच्या गोळ्याची पार्श्वभूमी

कामठीजवळ, जिथे पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात, तिथल्या काठावर गळ टाकणारे लोक कणीक मळताना तीत पिंजलेला कापूस घालतात. नुसत्या कणकेचा गोळा धारेत बघता बघता विरघळतो. कापसाच्या तंतूंनी तो गळाला धरून राहतो आणि लहान मासळीने टोचे मारले तरी लगेच सुटत नाही. वऱ्हाड-नागपूरच्या मुलखात कापसाचा हा उपयोग सुचावा यात नवल नाही. मात्र त्यामागचा प्रश्न सर्वच नद्यांचा आहे : पाणी पुढे जाते, मासा तळाशी धारेच्या कडेला थांबतो, मग अन्न त्याच्या तोंडापाशी टिकवायचे कसे?

युरोपातील नद्यांत हा प्रश्न बार्बल या माशाने उभा केला. तोंडाजवळच्या मिशांच्या दोन जोड्यांनी तळ चाचपत खाणारा हा मासा आपल्या महसीरचा दूरचा नातलग आहे. इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील महसीरचे १८३९ मध्ये वर्णन केले, तेव्हा त्याला बार्बलच्याच ‘बार्बस’ या प्रजातीत घातले होते. आज तो ‘टॉर’ प्रजातीत मोडतो.

गळ टाकण्याची विद्या मात्र इंग्रजांनी इकडे आणली, असे मानणे चुकीचे ठरेल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून, त्यात माशांच्या जाती आणि गळाची साधने यांच्याबरोबर माशांना घालायच्या चाऱ्याचाही विचार आहे. आधी चारा घालून मासा जागेवर आणावा आणि मगच गळ टाकावा, ही रीत इंग्लंडमध्येही जुनीच आहे. आयझॅक वॉल्टन या इंग्रज लेखकाने गळाच्या मासेमारीवरील १६५३ च्या आपल्या पुस्तकात बार्बलसाठी आदल्या रात्री मोठ्या गांडुळांचे तुकडे त्या जागी टाकून ठेवायला सांगितले, आणि असा चारा कधी जास्त होत नाही, असेही बजावले. चीज आमिष म्हणून वापरायचे तर ते ओल्या कापडात एक-दोन दिवस ठेवून चिवट करावे, ही त्याची सूचना आपल्या कापसाच्या युक्तीची सख्खी बहीणच म्हणावी लागेल.

२० व्या शतकात तिकडे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास भांगेच्या उकडलेल्या बिया आल्या, पुढे डबाबंद मांस आले. पण खरा बदल चाऱ्याच्या भांड्याने झाला. शिशाचा भार लावलेली ही भोकांची नळी तळाशी बसते, तिच्यातून अळ्या आणि दाणे थोडे थोडे सुटत राहतात, आणि गळाचे आमिष नळीच्या खालच्या अंगाला त्याच ओघात पडलेले असते. वाहते पाणी अन्न दूर नेते हीच अडचण येथे मासा बोलावण्याच्या कामी आली.

कावेरीवर उत्तर वेगळे निघाले. तेथे नाचणीचे पीठ मळून, उकडून, पुन्हा मळून घट्ट गोळे करतात. लिंबापासून संत्र्याएवढा गोळा गळावर चढवला की तो जोरदार धारेतही टिकतो, आणि मोठ्या आकारामुळे बारीक मासळी आपोआप दूर राहते. १९७७ मध्ये महसीरच्या शोधात आलेल्या इंग्रजांनीही अखेर स्थानिकांच्या याच गोळ्याची कास धरली.

नागपूरकडे मात्र या कलेला लागणारे वाहते पाणीच आक्रसत गेले. पेंच अडवून तोतलाडोहचा जलाशय झाला, आणि १९७५ च्या राष्ट्रीय उद्यानामुळे तेथे गळ टाकायला मनाई आहे, जी माझ्या मते योग्यच आहे. आंभोऱ्याला, कन्हान आणि वैनगंगेच्या संगमावर, आता गोसीखुर्द धरणाचे फुगलेले पाणी उभे असते. अशा पाण्यात कणकेत कापूस घालायचा, तो फार तर टोचणाऱ्या लहान मासळीपायी.