टाळ्या कुणासाठी होत्या? 'ट्रोपा दे एलिते' आणि रिओचा जुना राग

२००७ च्या ऑगस्टमध्ये रिओ दि जानेरोच्या फुटपाथांवर अजून थिएटरात न लागलेल्या एका सिनेमाच्या चोरट्या डीव्हीडी धडाधड विकल्या जात होत्या. सबटायटलं करायला दिलेल्या ठिकाणाहून प्रत फुटली होती. ऑक्टोबरात 'ट्रोपा दे एलिते' रीतसर लागेपर्यंत एक कोटीहून जास्त लोकांनी तो घरी पाहिला असावा, असा तेव्हाच्या पाहण्यांचा अंदाज होता. तरीही सुमारे चोवीस-पंचवीस लाख तिकिटं खपली. कॅप्टन नासिमेंतोचे संवाद तोपर्यंत शाळकरी पोरांनाही पाठ झाले होते.

नासिमेंतो हा रिओच्या लष्करी पोलिसांच्या 'बोप' या विशेष पथकातला अधिकारी. काळ १९९७ चा. पोप जॉन पॉल दुसरे शहरात येणार आहेत आणि ते जिथे झोपणार त्याच्या जवळच्या टेकडीवरच्या वस्तीतून रात्री गोळीबाराचा आवाज येता कामा नये, असा हुकूम आहे. मग टोळीवाल्यांचा पत्ता काढण्यासाठी पोरांच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी आवळली जाते. त्यांचा जीव गुदमरताना पडद्यावर दिसतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. दिग्दर्शक जोझे पादिल्या यांना हे अपेक्षित नव्हतं. माणूस कसा आहे यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत सापडलाय यावर त्याचं वागणं ठरतं, अशा अर्थाचं स्टॅन्ली मिल्ग्रम या मानसशास्त्रज्ञाचं वाक्य त्यांनी सुरुवातीलाच पडद्यावर टाकलं होतं. ते वाक्य कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

पादिल्यांवर 'फॅसिस्ट' असा शिक्का बसला. गंमत अशी की पाच वर्षांपूर्वी त्यांच्यावर नेमका उलटा आरोप झाला होता. १२ जून २००० रोजी रिओत १७४ क्रमांकाची बस सांद्रो दो नासिमेंतो या तरुणाने ताब्यात घेतली. कित्येक तास टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. तो एका मुलीला पुढे धरून खाली उतरला, तेव्हा बोपच्या जवानाने झाडलेली गोळी नेम चुकून तिलाच लागली. गोंधळात सांद्रोनेही तिच्यावर गोळ्या झाडल्या आणि ती मुलगी मेली. जमाव सांद्रोला ठेचायला धावला. पोलिसांच्या गाडीत त्याला गुदमरवून मारण्यात आलं आणि त्यासाठी खटला झालेले पोलीस ज्युरीने निर्दोष सोडले. पादिल्यांनी २००२ मध्ये यावर माहितीपट केला. त्यात सांद्रोचं आयुष्य उलगडलं होतं. २३ जुलै १९९३ च्या रात्री कांदेलारिया चर्चसमोर झोपलेल्या रस्त्यावरच्या मुलांवर गोळ्या झाडून आठ जणांना मारलं गेलं. मारेकऱ्यांत पोलीस होते. त्या रात्री वाचलेल्यांपैकी सांद्रो एक. गुन्हेगाराची बाजू घेतली म्हणून तेव्हा पादिल्या डावे ठरले. पुढच्या सिनेमातल्या कॅप्टनचं आडनावही नासिमेंतोच आहे, हे मात्र फारच थोड्यांच्या लक्षात आलं.

माझं मत असं की त्या टाळ्या सिनेमाने शिकवल्या नाहीत. त्या शहरात चाळीसेक वर्षं मुरलेल्या होत्या. १९६४ मध्ये मिल्टन ल कोक हा नावाजलेला गुप्तहेर पोलीस एका किरकोळ गुंडाकडून मारला गेला. 'घोडतोंड्या' अशा अर्थाच्या टोपणनावाचा तो गुंड काही आठवड्यांतच पोलिसांनी शोधून काढला आणि त्याच्यावर शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या. पुढच्याच वर्षी ल कोकच्या नावाने पोलिसांची बिरादरी निघाली. तिचं चिन्ह होतं कवटी आणि हाडं. 'मृत्युपथक' हा शब्द ब्राझीलच्या वर्तमानपत्रांत याच काळात रुळला. आणि याच काळात एलिओ ओइतिसिका या चित्रकाराने त्या घोडतोंड्याच्या प्रेताचे फोटो पेटीत लावून त्याला आदरांजली वाहणारी कलाकृती केली. एका माणसाच्या मरणाबद्दल शहर असं दुभंगलेलं होतं.

सिनेमावाले तेव्हा बहुधा गुंडाच्या बाजूला होते. १९७७ मध्ये एक्तोर बाबेन्कोंनी लुसिओ फ्लाविओ या बँक लुटणाऱ्यावर सिनेमा काढला, त्यात मृत्युपथकाचा कारभार उघडा केला. देशात लष्करशाही होती, तरी पन्नास लाखांहून अधिक लोकांनी तो पाहिला. २००२ मध्ये 'सिदादे दे देउस' ('सिटी ऑफ गॉड') या सिनेमाने गोष्ट वस्तीतल्या पोराच्या तोंडून सांगितली. पाच वर्षांनी त्याच सिनेमाचे पटकथाकार ब्राउलिओ मांतोवानी आणि संकलक दानिएल रेझेंदे 'ट्रोपा दे एलिते'वर काम करत होते. मूळ बेतात गोष्ट मातियास या नव्या, कायदा शिकणाऱ्या पोलिसाची होती. संकलनाच्या टेबलावर ती हलत नव्हती. मग निवेदन नासिमेंतोच्या आवाजात घेतलं गेलं आणि सगळा तोल फिरला. छळणारा माणूसच आता कानाशी बसून, घाबरत, चिडत, गोळ्या गिळत आपली बाजू सांगत होता. नासिमेंतो झालेला वाग्नेर मौरा इतका चांगला नट नसता तर वाद निम्मा झाला असता.

पण कथेतलं साल, १९९७, विसरू नये. १९६४ ते १९८५ ची लष्करशाही संपली तरी गस्त घालणारे पोलीस लष्करी वळणाचेच राहिले. सत्तरच्या दशकात इल्या ग्रांदे बेटावरच्या तुरुंगात राजकीय कैदी आणि दरोडेखोर एकत्र ठेवले गेले. संघटना कशी बांधायची हे दरोडेखोर तिथे शिकले आणि 'कोमांदो व्हर्मेल्यो' ही टोळी उभी राहिली. ऐंशीच्या दशकात कोकेन आलं, पाठोपाठ लष्करी रायफली आल्या. १९९५ पासून रिओ राज्याने पोलिसांना 'शौर्या'साठी पगारवाढ द्यायला सुरुवात केली. लोक तिला काउबॉय सिनेमांवरून 'फार वेस्ट बक्षीस' म्हणत. संशयिताला मारलं की पगार वाढे, आणि कागदावर लिहिलं जाई की त्याने प्रतिकार केला. आपल्याकडे चकमकीनंतर जो मजकूर वाचायला मिळतो, त्याच्याशी याचं कमालीचं साम्य आहे. बक्षीस १९९८ पर्यंत चाललं, म्हणजे पोपच्या भेटीच्या वेळी ते चालू होतं. सिनेमा आला त्या २००७ मध्ये रिओ राज्यात पोलिसांच्या हातून १,३३० माणसं मेली. त्याच जूनमध्ये, पॅन अमेरिकन खेळांच्या तोंडावर, आलेमांव वस्तीत एका दिवसात १९ जण मारले गेले होते.

पोलिसांनाही सिनेमा आवडला होता असं नाही. बोपच्या काही अधिकाऱ्यांनी प्रदर्शन थांबवायला कोर्टात धाव घेतली, न्यायाधीशांनी नकार दिला. नाराजी छळाच्या दृश्यांवर तर होतीच, पण नेहमीच्या पोलिसांची लाचखोरीही त्यात उघडी पडली होती. मध्यमवर्गाला वेगळंच झोंबलं. महागड्या कॉलेजात फुको या फ्रेंच विचारवंतावर चर्चा करणारी, शांतता मोर्चात चालणारी पोरं वस्तीतून गांजा आणतात, तेव्हा बंदुकीचे पैसे तीच भरतात, असं मातियास त्यांना वर्गात सुनावतो. त्याच सुमारास साओ पाउलोत टीव्हीवरचे लोकप्रिय सूत्रसंचालक लुसियानो हुक यांचं रोलेक्स घड्याळ लुटलं गेलं. त्यांनी 'फोल्या' या दैनिकात संतप्त लेख लिहिला आणि नासिमेंतोला बोलवा अशी हाक दिली. त्यावरही महिनाभर वाद रंगला.

फेब्रुवारी २००८ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात एका अमेरिकी समीक्षकाने हा फॅसिस्ट गुंडांच्या भरतीचा सिनेमा असल्याचं लिहिलं. काही दिवसांनी त्याच महोत्सवात या सिनेमाला सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. ज्युरीचे अध्यक्ष होते कोस्ता-गाव्रास, ज्यांनी हुकूमशाहीविरोधी सिनेमे करण्यात हयात घालवली.

२०१० च्या दुसऱ्या भागात पादिल्यांनी प्रेक्षकांनाच पडद्यावर आणलं. तुरुंगातल्या रक्तपातानंतर नासिमेंतो हॉटेलात शिरतो आणि जेवणारी माणसं त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. पुढे त्याला कळतं की ड्रग्ज विकणारे हटवल्यावर वस्त्या पोलिसांच्याच खंडणीखोर टोळ्यांनी, 'मिलिसियां'नी, ताब्यात घेतल्यात. हा भाग मार्सेलो फ्रेशो या आमदाराच्या २००८ च्या चौकशी समितीवर बेतलेला होता. सुमारे एक कोटी दहा लाख तिकिटं विकली गेली, ब्राझीलच्या सिनेमाचा तोवरचा उच्चांक. फ्रेशोंच्या कार्यालयात काम केलेल्या नगरसेविका मारिएली फ्रांको यांचा मार्च २०१८ मध्ये गोळ्या घालून खून झाला. २०२४ मध्ये दोन माजी लष्करी पोलिसांना त्यासाठी शिक्षा झाली.

२०१८ च्याच निवडणुकीत 'डोक्यावर नेम धरून गोळी' असं उघड बोलणारे विल्सन विट्झेल रिओचे गव्हर्नर झाले. पुढच्या वर्षी राज्यात पोलिसांनी १,८१४ माणसं मारली. मौरांनी दरम्यान दिग्दर्शनात उतरून मारिगेला या डाव्या बंडखोरावर सिनेमा केला. तो २०१९ मध्ये बर्लिनला दाखवला गेला, पण ब्राझीलमध्ये लागायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी आलेमांव आणि पेन्या या वस्त्यांवरच्या एका कारवाईत शंभराहून जास्त जण मेले. त्या आठवड्यातल्या जनमत चाचण्यांत रिओच्या बहुसंख्य रहिवाशांनी कारवाईच्या बाजूने कौल दिला.