बारमाही नेचे : साताऱ्याच्या सावलीतल्या बागांची पार्श्वभूमी

घराच्या उत्तरेकडचा बोळ, मोरीच्या पाण्याजवळचा कोपरा, आंब्याखालचा उघडा पट्टा. इथे काय लावावं असं साताऱ्यातल्या कुठल्याही रोपवाटिकेत विचारलं, तर हल्ली एकच उत्तर मिळतं : फर्न, म्हणजे नेचा. सोबत ‘सदाहरित आहे, काटक आहे’ अशी ग्वाहीही मिळते. गडबड या दोन शब्दांतच आहे.

नेचा आपल्याला नवा नाही. जुन्या विहिरींच्या चिऱ्यांतून हंसराज उगवतो आणि वैद्यांनाही तो पूर्वीपासून माहीत आहे. पावसाळ्यात घाटात गेलेली पोरं चंदेरी नेच्याची मागची पांढरी भुकटी हातावर उमटवतात. पण तो मुद्दाम कुंडीत लावायची गोष्ट नव्हती. ती हौस विलायतेतली. 1829 मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने पतंगाचा कोष ओल्या मातीसह बंद बाटलीत ठेवला आणि त्या मातीत नेचा उगवला. शहराच्या धुरात न जगणारी झाडं काचेच्या पेटीत जगतात, हे त्यातून कळलं. 1850 च्या दशकात तिथे नेच्यांचं अक्षरशः वेड पसरलं आणि बागकामाच्या पुस्तकांत त्यांची वर्गवारी पक्की झाली.

त्या वर्गवारीत ‘काटक’ म्हणजे बर्फात न मरणारा आणि ‘सदाहरित’ म्हणजे हिवाळ्यात पानं न टाकणारा. थंड मुलखासाठी ही कसोटी अगदी योग्य आहे. साताऱ्यात मात्र कडाक्याची थंडी म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढीच. आपल्याकडे झाडाची परीक्षा होते ती मार्चपासून वळीव पडेपर्यंत : कोरडी हवा, तापलेली भिंत, खाली गेलेलं पाणी. बर्फ सोसणारा नेचा ही परीक्षा पास होईलच असं नाही. त्यातल्या बऱ्याच जातींना आपला उन्हाळाच सोसत नाही. तरी पुस्तकातले शब्द जसेच्या तसे मराठीत आले आणि कुंडीवरच्या चिठ्ठीवर जाऊन बसले.

याची दुसरी बाजू अधिक खटकणारी आहे. सह्याद्रीतले कितीतरी नेचे मुळात बारमाही हिरवे नसतात. पावसाळी हंसराज दिवाळीनंतर वाळतो, जमिनीतला कंद तेवढा जिवंत राहतो. झाडांवर वाढणाऱ्या बाशिंग नावाच्या नेच्याची मोठी हिरवी पानं उन्हाळ्यात गळतात, बुंध्याला चिकटलेली तपकिरी पानं उरतात. ही झाडं मेलेली नसतात, झोपलेली असतात. पण ‘सदाहरित’ म्हणून आणलेलं रोप डिसेंबरात सुकलं की लोक कुंडी रिकामी करतात. माझ्या मते उन्हाने जितके नेचे जात नाहीत, तितके या एका शब्दाने जातात. त्यात भर म्हणजे ‘हंसराज’ हे नाव दोन वेगळ्या झाडांना चालतं : एक हा पावसाळी, दुसरा सतत पाझरणाऱ्या चुनखडी भिंतीवर वर्षभर टिकणारा. आपल्याकडे ‘बारमाही’ हा सरळ शब्द आहे. तोच वापरावा, आणि त्याचा अर्थ ‘मे महिन्यात हिरवा’ असा ठेवावा.

आज कुंड्यांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो बोस्टन फर्न. तो 1894 च्या सुमारास अमेरिकेत रोपांच्या एका मालात आपसूक निघालेल्या वेगळ्या रोपापासून आला. सावलीसाठीची हिरवी जाळी आणि नारळाच्या काथ्याचा भुसा सहज मिळू लागल्यावर तो गावोगाव पोचला. त्याआधी हौशी लोक घाटातूनच रोपं उपटून आणत. 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, 2012 मध्ये कास पठार आणि कोयना अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीत गेले. हे व्हायलाच हवं होतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात 500 च्या आसपास. घाटमाथ्यावरच्या धुक्यातला नेचा उपटून माणमधल्या दहिवडीच्या अंगणात लावणं म्हणजे त्याला मारणंच.

कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते, म्हणून निम्मा तरी कुजका पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू लागते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पानांची टोकं करपतात. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. बोस्टनचाच एक भाऊबंद मुळांना वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पाणीदार गाठी धरतो, आणि पाण्याची एखादी पाळी चुकली तरी उभा राहतो. रोप घेताना माती बाजूला सारून या गाठी आहेत का ते पाहावं. त्या दिसल्या तर उत्तरेच्या बोळात लावायला हरकत नाही.