‘सुरक्षित’ आकडा ठरतो कसा?

धुराड्यांवरचा सरकारी लगाम जुना आहे. १८६३ च्या ब्रिटिश कायद्याने सोडा कारखान्यांना ९५ टक्के आम्लवायू अडवायला लावला. त्यात कारखान्याला काय झेपेल याचा हिशोब होता, फुप्फुसाला काय झेपेल याचा नव्हता. १९५२ च्या लंडनच्या विषारी धुक्यात हजारो माणसे दगावली, तरी १९५६ च्या कायद्याचा रोख मुख्यतः धुरावरच राहिला.

वळण आले ते १९७० मध्ये. हवेची मानके ठरवताना ‘सुरक्षिततेला पुरेसा वाव’ ठेवा, असे अमेरिकी कायद्याने बजावले. सगळा वाद या शब्दांभोवती फिरतो. त्यामागची समजूत साधी होती: प्रत्येक प्रदूषकाची एक पातळी असते, तिच्याखाली अपाय होत नाही, आकडा त्याहून जरा खाली धरला की झाले. शिशाने ही समजूत पार खिळखिळी केली. १९७८ मध्ये अमेरिकेत हवेतल्या शिशासाठी घनमीटरला १.५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरली. उद्योग न्यायालयात गेले. खर्च का विचारात घेतला नाही, हा त्यांचा सवाल. १९८० मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि २००१ मध्ये, ओझोन व सूक्ष्म कणांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयानेही तेच एकमताने सांगितले. २००८ मध्ये शिशाची मर्यादा ०.१५ वर आली, म्हणजे थेट एक दशांश. मुलांची शरीरे तीच होती, थोड्या शिशानेही त्यांना अपाय होतो याचा पुरावा तेवढा वाढला होता.

मग पेच उरतो. अपायाचा तळच सापडत नसेल आणि खर्च मोजायचा नसेल, तर शून्याऐवजी अमुकच आकडा का? याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. कोणीतरी तो ठरवतो. खर्च मात्र मागच्या दाराने येतोच, धुराड्यांच्या उत्सर्जन मर्यादांमध्ये आणि मुदतींमध्ये. हवेचे मानक वेगळे, उत्सर्जनाचे वेगळे. बातम्यांत दोन्ही सर्रास एकच होतात.

अलीकडचा झगडा अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचा, म्हणजे ‘पीएम २.५’चा. अमेरिकेत त्यांची वार्षिक मर्यादा १९९७ मध्ये घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये १२ आणि २०२४ मध्ये ९ झाली. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी २०२१ मध्ये १० वरून ५ वर आली. ती कोणावर बंधनकारक नाही. शिवाय तिच्यासोबत ३५, २५, १५ आणि १० अशा मधल्या पायऱ्याही दिल्या आहेत. त्यामुळे ३५ वर थांबलेले सरकारही त्याच कागदाकडे बोट दाखवू शकते.