आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या : अर्थ आले कुठून?

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या तयारीच्या चार आठवड्यांत, हिरव्या फांद्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटते. ही प्रथा प्राचीन असल्याचं अनेकदा सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती दोनशे वर्षांचीही नाही. आगमनकाळ मात्र जुना आहे. पाचव्या शतकात गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) ११ नोव्हेंबरपासून उपवास धरत, पुढे रोमने चार रविवार ठरवले. मिलानमध्ये आजही सहा असतात.

१८३९ मध्ये हॅम्बुर्गला गरीब मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या एका ल्युथरन (प्रोटेस्टंट) पाळकांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या मोठ्या, पांढऱ्या. इतर दिवसांच्या लहान, तांबड्या. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावं, एवढाच हेतू. आगमनकाळ कधी २२ तर कधी २८ दिवसांचा असतो, म्हणून लहान मेणबत्त्या १८ ते २४ लागत. हिरव्या फांद्या नंतर आल्या. घरोघरी चक्र लहान झालं आणि चारच मेणबत्त्या उरल्या. कॅथलिक चर्चमध्ये असं चक्र पहिल्यांदा १९२५ मध्ये कोलोनला टांगलं गेलं, असं मानतात.

खरा वाद अर्थांचा आहे. चार मेणबत्त्यांना दिली जाणारी आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं हॅम्बुर्गच्या चाकावर नव्हती. ती मागाहून जोडली गेली, आणि त्यांचा क्रमही सगळीकडे सारखा नाही. नावांची दुसरी मालिका संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ, देवदूत अशी. तिची अडचण मोठी आहे. १९६९ नंतरच्या कॅथलिक वाचनक्रमात, म्हणजे चर्चमध्ये बायबलमधलं कधी काय वाचायचं याच्या यादीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान येतो, दुसऱ्या रविवारी पश्चात्तापाची हाक देत. समोर वाचन योहानाचं आणि मेणबत्ती मेंढपाळांची, हे जुळत नाही. पहिल्या रविवारचं वाचन तर ख्रिस्ताच्या पुनरागमनाचं, जागे राहण्याचं. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा भर त्या दुसऱ्या येण्यावरच असतो. येशूच्या जन्माकडे वळण १७ पासून. गोड नावांच्या गर्दीत नेमकी ही जागरणाची बाजू झाकली जाते, आणि ती झाकली जाऊ नये.

तिसऱ्या मेणबत्तीचा गुलाबी रंग मात्र उपासनेतूनच आलेला आहे. त्या रविवारचं प्रवेशगीत, म्हणजे उपासनेच्या सुरुवातीचं गीत, ‘आनंद करा’ असं सांगतं आणि त्या दिवशी धर्मगुरूंना आगमनकाळाच्या जांभळ्याऐवजी गुलाबी वस्त्रं चालतात. तरी हा रंग सक्तीचा नाही. जर्मनीत अनेक घरांत आजही चारही मेणबत्त्या तांबड्याच असतात.