गाडीचा फ्यूज आणि ३५ या आकड्याचा घोळ

शॉर्ट झाला की गाडीची १२ व्होल्टची साधी बॅटरीसुद्धा क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायरवरचं प्लॅस्टिक वितळायच्या आत फ्यूजची पट्टी वितळली पाहिजे. म्हणून फ्यूज निवडायचा तो वायरची जाडी बघून.

१९५०-६०च्या दशकांतल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत काचेचे दोनच फ्यूज असत. एक कायम चालू सर्किटचा, दुसरा किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या सर्किटचा. हेडलाइटला अनेकदा फ्यूजच नसे. भर रात्री अचानक अंधार नको, असं त्याचं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही, कारण बराच करंट खेचणारी वायरच त्यामुळे उघडी पडते.

खरा घोळ मात्र आकड्याचा. त्या ब्रिटिश फ्यूजच्या काचेत कागदाची बारीक पट्टी असे आणि तिच्यावर ३५ छापलेलं. हा उडण्याचा आकडा होता. सतत वाहायचा करंट त्याच्या निम्मा, साधारण १७ अँपिअर. अमेरिकी काचेच्या फ्यूजवर ३५ म्हणजे सतत वाहायचा करंटच ३५. तो किंचित लांब, तरी त्याच क्लिपांत बसतो. आकडा जुळवून तो लावला की वायर काळी पडेपर्यंत फ्यूज शाबूत! ॲम्बॅसडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डच, त्यामुळे जुन्या गाड्या जपणाऱ्या आपल्या मंडळींनीही हे ध्यानात ठेवायला हवं. उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर त्याहून घातक.

१९७०च्या दशकात अमेरिकेत दोन पात्यांचा प्लॅस्टिकचा फ्यूज आला आणि आकड्याचा अर्थ एकच ठरला. १० अँपिअरचा फ्यूज ११ अँपिअरवर १०० तास टिकलाच पाहिजे, १३.५ वर १० मिनिटांच्या आत आणि २० वर ५ सेकंदांच्या आत उडालाच पाहिजे. रंगही ठरले: १० लाल, १५ निळा, २० पिवळा. पण युरोपी गाड्यांतल्या जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये पिवळा म्हणजे ५ अँपिअर, लाल १६. एकाच गॅरेजात दोन्ही गाड्या आल्या, तर रंगावर विसंबून चालत नाही.

पुढे गाडीत मोटारी, सेन्सर, स्क्रीन वाढत गेले, तसे फ्यूज लहान आणि संख्येने जास्त झाले. मिनी आले, मायक्रो आले. बॅटरीजवळच्या जाड वायरींना मोठे, बोल्टने आवळायचे. आता काही नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहेत. ते करंट मोजून सर्किट तोडतात आणि दोष गेला की परत जोडतात. त्यांची मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये असते, काचेत किंवा प्लॅस्टिकवर वाचता येत नाही.