परदेशी इंटर्नशिपचा व्हिसा: आधी दिवस मोजा, मग फॉर्म उघडा

१५ मे ते १४ ऑगस्ट. बोटांवर तीन महिने, पण कॅलेंडरवर ९२ दिवस. जर्मनीतल्या प्रयोगशाळेचं ऑफर लेटर घेऊन कोथरूडची एक विद्यार्थिनी आमच्या प्लेसमेंट सेलमध्ये आली, तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने खुणा करत आम्ही दोघींनी ते मोजले. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्प मुदतीच्या एकाच व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. म्हणजे वरच्या दोन दिवसांपायी तिला जर्मनीचा नॅशनल व्हिसा, म्हणजे ९० दिवसांपुढच्या मुक्कामाचा वेगळा व्हिसा, काढावा लागला असता. तिने प्राध्यापकांना मेल केला, शेवटची तारीख १० ऑगस्ट करून घेतली आणि मगच अर्जाला हात लावला.

मुलं येऊन पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, स्टायपेंड नाहीये, मग टूरिस्टवर जाऊ ना?" नाही. पैसे मिळत नसले तरी काम ते कामच. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर बिनपगारी इंटर्नशिपही करता येत नाही. एखादा एजंट 'तिथे कोण बघतं' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. विमानतळावर उत्तरं त्याला नाही, तुम्हाला द्यायची असतात.

अमेरिकेसाठी, तुम्ही पुण्यातल्या कॉलेजात शिकत असाल किंवा पदवी मिळून १२ महिने झाले नसतील, तर जे-१ या एक्सचेंज व्हिसाचा इंटर्न प्रकार पाहा. मुदत जास्तीत जास्त १२ महिने. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो: ऑफर कंपनी देते, पण व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म मान्यताप्राप्त स्पॉन्सर संस्था देते. त्याआधी डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो आणि त्यावर तुमची, कंपनीची व स्पॉन्सरची सही लागते. त्यात 'ऑफिसची कामे' असं मोघम लिहू नका. काय शिकणार, कोण शिकवणार, हे नीट लिहा. यानंतर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी यंत्रणेची फी), डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. बोटांचे ठसे आणि मुलाखत, दोन्हींसाठी मुंबई गाठावी लागते. मुलाखत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकी वाणिज्य दूतावासात असते. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, एक्सप्रेसवेच्या भरवशावर राहू नका.

जर्मनीत अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिपसाठी साधारणपणे चार सेमिस्टर पूर्ण झालेली लागतात, म्हणजे एसवाय संपलेलं हवं. तिथल्या रोजगार विभागाची संमती कंपनीने घ्यायची असते. ती घेतली का, हे विचारायला लाजू नका. जपानचं गणित वेगळं. स्टायपेंड मिळणार असेल तर 'नियुक्त उपक्रम' हा व्हिसाचा दर्जा. बिनपगारी असेल तर ९० दिवसांपर्यंत अल्पकालीन व्हिसा, त्यापुढे 'सांस्कृतिक उपक्रम'.

आता कागद. पासपोर्ट, ऑफर लेटर, मार्कशीट, बँक स्टेटमेंट आणि विमा हे सगळ्यांनाच माहीत असतं. शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट आणखी तीन महिने तरी वैध हवा. अर्ज अडतो तो बोनाफाईडवर, म्हणजे तुम्ही इथले विद्यार्थी आहात या कॉलेजच्या दाखल्यावर. 'सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात शिकत आहे' एवढी एक ओळ पुरत नाही. कोर्स, सेमिस्टर, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की ऐच्छिक, क्रेडिट किती, पुढचं सेमिस्टर कधी सुरू होणार, हे सगळं लेटरहेडवर लिहून सही-शिक्का घ्या. सक्तीची नसेल तर 'सक्तीची' असं लिहून घेऊ नका. जर्मनीत तीन महिन्यांपेक्षा जास्त काळाच्या ऐच्छिक इंटर्नशिपला किमान वेतनाचा कायदा लागू होतो, सक्तीच्या इंटर्नशिपला नाही, म्हणून कंपनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारतेच.

नावाकडेही लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेलं नाव अशा दोन वेगळ्या ओळी असतात. प्रत्येक फॉर्ममध्ये पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः उतरवा आणि ऑफर लेटर चुकलं असेल तर अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडताच बोनाफाईडचा अर्ज द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांच्या गडबडीत प्राचार्यांची सही मिळायला आठवडा जातो.