ग्रामीण कुटुंबे व बालआरोग्यसेवा यांची जोडणी

लसीकरण, वाढीचे मोजमाप, पोषण, आजारातील उपचार, विकासातील विलंबाची तपासणी आणि पालकांच्या मानसिक स्वास्थ्याला आधार देणाऱ्या जवळपासच्या सेवांची खेड्यांतील कुटुंबांशी गाठ घालून देण्याचे व ती टिकवण्याचे संघटित काम. सेवा उपलब्ध असली, तरी ती मुलापर्यंत पोहोचतेच असे नाही. यात प्रवासाच्या अंतराइतकाच बुडणाऱ्या मजुरीचा, घरी इतर भावंडांना सांभाळणारे कोणी नसण्याचा आणि मागच्या खेपेला मिळालेल्या तुसड्या वागणुकीचाही वाटा असतो. त्यामुळे दवाखान्यात न येणाऱ्या पालकांना निष्काळजी ठरवणे बहुधा अन्यायाचे असते.

प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या राहत्या जागेच्या शक्य तितक्या जवळ असावी, हे तत्त्व १९७८मध्ये अल्मा-आता (आताचे कझाकस्तानमधील अल्माटी) येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्याने जगापुढे ठेवले. प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ शकतात आणि त्यामुळे अर्भकमृत्यू लक्षणीय घटतात, हे डॉक्टर अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील अभ्यासातून दाखवले. तो १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातील गृहभेटींची शिफारस केली.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे गावातलीच, कुटुंबांच्या ओळखीची आरोग्य कार्यकर्ती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजताना रंगीत मोजपट्टी ११५ मिलिमीटरच्या खाली, म्हणजे लाल भागात आली, तर तीव्र कुपोषण ओळखायला तिला वजनकाट्याचीही गरज पडत नाही. खरी कसोटी त्यानंतर लागते. नुसती चिठ्ठी हाती देऊन मुलाला वरच्या केंद्रात पाठवले, की कोणाकडे जायचे, वाहन कसे मिळेल, तिथे किती दिवस राहावे लागेल, हे सारे प्रश्न आईवरच पडतात आणि पुष्कळदा ती चिठ्ठी घरातच राहते. म्हणून केंद्राला आधी कळवणे, गरज असल्यास सोबत जाणे, आणि उपचारांची माहिती लिहिलेला चिठ्ठीचा अर्धा भाग कार्यकर्तीकडे परत येणे, या गोष्टी उपचारांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. दूरध्वनीवरील सल्ल्याने काही खेपा वाचतात. मात्र लस टोचणे किंवा धाप लागलेल्या बाळाला प्राणवायू देणे त्याने साधत नाही.